दंतरोपणापूर्वींचें चित्र

(नभोवाणीवरील भाषण)



पडलेल्या दांताच्या जागीं जबड्याच्या हाडांत टिटॅनियम धातूचा एक लहानसा स्क्रू बसवावयाचा, हाडानें त्याला धरून ठेवीपर्यंत कांहीं महिने थांबावयाचें, आणि मग त्यावर नवा दांत चढवावयाचा, या उपचारास दंतरोपण म्हणतात. बोलतांना आपण सारे त्याला इम्प्लांटच म्हणतों. एके काळीं मोठ्या शहरांतील मोठ्या लोकांची समजली जाणारी ही गोष्ट आज गोंदियासारख्या धानाच्या गिरण्यांच्या गांवींहि घरोघर बोलली जाते. कवळी नको, ब्रिजसाठीं शेजारचे धडधाकट दांत घासावयास नकोत, तेव्हां इम्प्लांट करावा काय, असा प्रश्न पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या घरीं केव्हां ना केव्हां निघतोच.

अशा वेळीं दवाखान्यांत खर्चाचा आंकडा ऐकून झाल्यावर दुसरी गोष्ट कानीं पडते ती ही, कीं "आधीं स्कॅन काढून आणा." येथें पुष्कळांच्या मनांत किंतु येतो. एक्स-रे तर काढलाच आहे, मग आणखी पैसे कशाला? हा नुसता खर्च वाढविण्याचा प्रकार तर नसेल? आणि इतके किरण डोक्यांतून जाऊं देणें बरें का? हे प्रश्न रास्त आहेत. मी दंतवैद्य नव्हें. उभा जन्म मुलांना भूमिति आणि त्रैराशिक शिकविलेला एक मास्तर आहें. परंतु या प्रश्नांचें उत्तर पुष्कळसें भूमितींतच सांपडतें, म्हणून तें आपल्यापुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

प्रथम जबड्याची रचना ध्यानांत घेऊं. दांत असतात तोंवर त्यांच्या मुळांभोंवतीं हाडाचा एक कांठ असतो. हा कांठ दांतांच्या आधारानेंच जगतो. दांत काढला कीं त्याला काम उरत नाहीं आणि तो झिजूं लागतो. पहिल्या एका वर्षांत त्याची रुंदी जवळ जवळ निम्म्यापर्यंत घटूं शकते, आणि त्यांतील मोठा हिस्सा पहिल्या तीन महिन्यांतच जातो. वरची हिरडी मात्र गुबगुबीत राहते. बोटानें चांचपून पाहिलें तर जागा ऐसपैस आहे असेंच वाटतें. परंतु हिरडीखालचें हाड सुरीच्या पात्याप्रमाणें निमुळतें झालेलें असूं शकतें.

खालच्या जबड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली असते. जबड्याच्या मागल्या भागांतून एक ज्ञानतंतु हाडांत शिरतो, बोगद्यांतून गाडी जावी तसा दाढांच्या मुळांखालून पुढें येतो, आणि उपदाढांच्या खालीं एका छिद्रांतून बाहेर पडून ओठाकडे व हनुवटीकडे जातो. खालचे दांत, खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना या एका तंतूवर अवलंबून असते. छिद्र पाडणारें ड्रिल किंवा इम्प्लांटचें टोंक या बोगद्यांत शिरलें तर ओठ बधिर होतो. कित्येकांचा बधिरपणा कांहीं महिन्यांत ओसरतो, कांहींचा जन्मभर राहतो. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाहीं, दाढी करतांना कापलें तरी कळत नाहीं, नातवाचा मुका घेतला तर त्याच्या गालाचा मऊपणा कळत नाहीं. दांत मात्र सुरेख बसलेला असतो! अशा माणसानें त्या दांताचें कौतुक कोणत्या तोंडानें करावें?

वरच्या जबड्यांत संकट निराळें आहे. वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या मागें, हवेनें भरलेली एक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. दाढा गेल्या कीं हाड खालून झिजतें आणि पोकळी वरून खालीं उतरते. दोहोंच्या मध्यें कधीं कधीं तीनचार मिलिमीटरच हाड शिल्लक उरतें. तेथें दहा मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट घातला तर त्याचें अर्ध्याहून अधिक अंग पोकळींत जाईल. अशा रुग्णास आधीं पोकळीचा तळ उचलून खालीं हाडाची भर घालावी लागते, आणि मग कित्येक महिने थांबावें लागतें. हें आधीं कळलें तर खर्चाचा व काळाचा अंदाज बांधतां येतो. खुर्चीवर बसून भूल दिल्यावर कळलें तर फजीती होते.

खालच्या जबड्याच्या पुढल्या भागांत धोका नाहीं असा समज आहे. परंतु तेथें जिभेच्या बाजूनें हाड आंतल्या अंगास वळलेलें असूं शकतें, आणि त्याच्या लगत बारीक रोहिण्या असतात. ड्रिल हाडाच्या आरपार जाऊन एखादी रोहिणी तुटली, तर जिभेखालीं रक्त सांठून जीभ वर उचलली जाते व श्वास कोंडण्याची वेळ येते. असे प्रसंग विरळा असले तरी वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेले आहेत.

आतां मापें पाहूं. इम्प्लांटचा व्यास साधारणपणें ३ ते ६ मिलिमीटर आणि लांबी बहुधा ८ ते १४ मिलिमीटर असते. त्याच्या सभोंवतीं निदान एक, आणि शक्य तर दीड मिलिमीटर हाड उरावें लागतें. शेजारच्या दांताच्या मुळापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांट जवळजवळ असतील तर त्यांच्यामध्यें तीन मिलिमीटर, आणि ज्ञानतंतूच्या बोगद्यापासून दोन मिलिमीटर अंतर राखावें, असा दंतवैद्यांचा ठोकताळा आहे. आपल्या शाळेच्या पट्टीवरील सर्वांत लहान दोन घरें, एवढेंच तें अंतर! ज्या कामांत सारी सुरक्षितता दोन मिलिमीटरांवर उभी आहे, त्या कामांत अंदाज चालत नाहीं, मोजणीच पाहिजे. आणि जें डोळ्यांना दिसत नाहीं तें मोजावयाचें तर त्याचें चित्र काढणें भाग आहे.

हें चित्र काढण्याचें साधन मनुष्यास लाभलें तें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, जर्मनीमधील प्रोफेसर राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला तेव्हां. पुढल्याच जानेवारींत ऑटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्यानें स्वतःच्या दांतांचें चित्र काढविलें. त्यासाठीं त्याला पंचवीस मिनिटें किरणांपुढें राहावें लागलें होतें. आज तेंच काम एका सेकंदाच्या लहानशा अंशांत होतें. अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनींहि १८९६ पासून हें तंत्र हातीं घेतलें. यंत्र पारखण्यासाठीं ते वारंवार स्वतःचा हात किरणांपुढें धरीत. त्याचें फळ म्हणून त्यांचीं बोटें, आणि पुढें हातहि, कापून काढावा लागला. आज आपण ज्या सावधगिरीनें किरण वापरतों ती अशा लोकांच्या यातनांतून शिकलेली आहे.

साधें क्ष-किरण-चित्र म्हणजे एक सावली असते. रात्रीं दिव्यापुढें हात धरून भिंतीवर ससे नि हरणें नाचविण्याचा खेळ आपण सर्वांनीं लहानपणीं केला आहे. त्या खेळांत दोन नियम सांपडतात. पहिला असा, कीं हात दिव्याच्या जितका जवळ न्यावा, तितकी सावली मोठी पडते. दुसरा असा, कीं सावलीला जाडी नसते. पाटी भिंतीशीं समांतर धरली तर सावली पाटीएवढी रुंद पडेल; परंतु त्या सावलीवरून पाटी बोटाएवढी जाड आहे कीं पुठ्ठ्याएवढी पातळ, हें कोणाहि शहाण्याला सांगतां येणार नाहीं. दंतवैद्याकडील साध्या एक्स-रेला हेच दोन नियम लागू आहेत.

तोंडांत लहानशी फिल्म किंवा सेन्सर ठेवून एकदोन दांतांचें जें चित्र काढतात, त्यांत तपशील फार बारीक उमटतो. शेजारच्या दांताच्या मुळाशीं पू आहे काय, जुन्या मुळाचा तुकडा राहून गेला आहे काय, हें त्यांत चांगलें कळतें. परंतु त्याचा आवांका लहान असल्यानें ज्ञानतंतूचा बोगदा पुष्कळदां त्यांत येतच नाहीं. दुसरा प्रकार म्हणजे ओ.पी.जी. फिनलंडमधील पाटेरो या शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या मध्यास हें तंत्र वाढीस लावलें. यांत रुग्ण उभा राहतो, यंत्र त्याच्या डोक्याभोंवतीं अर्धी प्रदक्षिणा घालतें, आणि कानापासून कानापर्यंतचा सारा जबडा एका लांबट चित्रांत उलगडून दिसतो. गांवाचा नकाशा पाहावा तसें हें चित्र आहे. कोठें काय आहे तें कळतें; परंतु नकाशावरून विहिरीची खोली मोजूं नये.

कां मोजूं नये, तें त्रैराशिकानें पाहूं. ओ.पी.जी.मध्यें आकार खर्‍यापेक्षां सुमारें दहा ते तीस टक्के मोठा दिसतो, आणि ही वाढ चित्रांत सर्वत्र सारखी नसते. म्हणून कित्येक दंतवैद्य रुग्णाच्या तोंडांत त्या जागीं ५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी, सायकलच्या छर्‍यासारखी, बसवून चित्र काढवितात. समजा, चित्रांत ही गोळी ६.२५ मिलिमीटरची दिसली, आणि हिरडीपासून बोगद्यापर्यंत हाडाची उंची १५ मिलिमीटर दिसली. ६.२५ दिसतात तेथें खरे ५, तर १५ दिसतात तेथें खरे किती? उत्तर १२. त्यांतून सुरक्षिततेचे २ वजा केले कीं १० मिलिमीटरचा इम्प्लांट बसेल. आतां गोळीचा हिशेब न करतां कोणी १५ मधूनच २ वजा करून १३ मिलिमीटरचा इम्प्लांट घातला, तर १२ मिलिमीटर हाड संपवून तो एक मिलिमीटर बोगद्यांत शिरेल. तिसरीचौथींतल्या मुलाला सुटणारें हें गणित. पण त्याचें उत्तर चुकलें तर शिक्षा रुग्णाच्या ओठाला भोगावी लागते.

गोळीमुळें सावलीचा पहिला दोष पुष्कळसा निघाला. दुसरा निघत नाहीं. उंची १२ मिलिमीटर आहे हें कळलें, परंतु जाडी किती? इम्प्लांट ४ मिलिमीटर व्यासाचा असेल तर दोहों बाजूंचें एकेक मिलिमीटर धरून निदान ६ मिलिमीटर जाडी हवी. ती ७ आहे कीं ४, हें ओ.पी.जी. सांगूं शकत नाहीं, कारण ती पाटीची सावली आहे. येथें तिसर्‍या प्रकारच्या चित्राची गरज लागते.

१९७१ सालीं इंग्लंडांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचें छेदचित्र काढलें. वेगवेगळ्या दिशांनीं घेतलेल्या सावल्यांवरून मूळ वस्तूची घडण गणितानें परत उभी करावयाची, ही त्यांतील कल्पना. या कामासाठीं हाउन्सफील्ड व अॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९९० नंतरच्या दशकांत इटलींत आणि जपानांत हीच कल्पना केवळ चेहर्‍या-जबड्यासाठीं लहान यंत्रांत उतरविण्यांत आली. त्यांत किरणांचा झोत शंकूच्या आकाराचा असतो, म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सी.बी.सी.टी. म्हणतात. यंत्र डोक्याभोंवतीं एकदां फिरतें, दहा ते चाळीस सेकंदांत शेंकडों सावल्या टिपतें, आणि संगणक त्यांतून जबड्याची घनाकृति तयार करतो. मग काकडीच्या चकत्या कराव्यात तशा त्या आकृतीच्या हव्या त्या जागीं, हव्या त्या दिशेनें चकत्या पाहतां येतात. या चकतींत हाडाची उंची, जाडी, उतार, बोगद्याचें वाटोळें तोंड, सायनसचा तळ, सारें एकाच वेळीं दिसतें, आणि माप खर्‍या आकाराचें असतें. अमेरिकेंतील मुखकिरणशास्त्रज्ञांच्या परिषदेनें २०१२ सालीं असें मत दिलें, कीं आरंभींच्या पाहणीस ओ.पी.जी. घ्यावी, परंतु इम्प्लांटच्या जागेचा निर्णय करतांना आडवा छेद दाखविणारें चित्र, आणि तेंहि शक्यतों सी.बी.सी.टी.नें काढलेलें, असावें.

योजनेचा क्रमहि या चित्रामुळें पालटला आहे. पूर्वीं जेथें हाड मिळेल तेथें इम्प्लांट बसवीत, आणि मग त्यावर दांत कसा तरी जुळवीत. आतां प्रथम नव्या दांताची जागा ठरवितात, समोरच्या दांतांशीं तो कसा मिळेल तें पाहतात, आणि त्याच्या खालीं हाड पुरतें काय, हें चकत्यांत तपासतात. कळसाची जागा ठरवून मग पाया खणावा, तसा हा प्रकार. संगणकावर ठरलेली ही योजना हातांत उतरावी म्हणून कधीं कधीं दांतांवर बसणारी एक पट्टी छापून घेतात. तिच्यांतील नळींतून ड्रिल ठरल्या दिशेनेंच जातें. परंतु पट्टी असो वा नसो, सुरक्षिततेचे दोन मिलिमीटर सोडावयाचेच. कारण चित्रांत, पट्टींत आणि हातांत मिळून थोडी चूक राहतेच.

या चित्राच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. जवळपास धातूच्या कॅप असतील तर चित्रांत पांढरे-काळे पट्टे उमटतात. रुग्ण हलला तर चित्र फिसकटतें. हिरडीची जाडी त्यांत नीट कळत नाहीं. हाड घट्ट आहे कीं ठिसूळ, याचा या चित्रावरून काढलेला आंकडा फारसा विश्वासार्ह नसतो. आणि रुग्णाच्या संवयी तर कोणत्याच चित्रांत येत नाहींत. आपल्या या भागांत विडी आहे, आणि त्याहून वाईट असा सुपारी-तंबाखूचा खर्रा आहे. तंबाखूचा धूर घेणार्‍याचा इम्प्लांट फसण्याचा संभव अधिक असतो. खर्‍यानें तोंडांतील त्वचा ताठरून तोंड दोन बोटेंहि उघडेनासें होतें. मग हाड कितीहि भरघोस असलें तरी त्या तोंडांत ड्रिल आणि पट्टी शिरणार कशी? मधुमेह ताब्यांत नसला तरी जखम भरण्यास अडचण येते. हें सारें दंतवैद्यास आपण होऊन सांगितलें पाहिजे.

आतां किरणांच्या भीतीविषयीं. आकाशांतून, जमिनींतून, अन्नांतून आपल्या देहावर किरण सदैव पडतच असतात. जगाची सरासरी वर्षाला सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट धरतात. या मापानें एका दांताचें लहान चित्र म्हणजे साधारण एका दिवसाचे किरण, ओ.पी.जी. म्हणजे थोड्या दिवसांचे, आणि सी.बी.सी.टी. म्हणजे यंत्र व घेतलेला भाग यांप्रमाणें कांहीं दिवसांपासून कांहीं महिन्यांपर्यंतचे. तेव्हां घाबरून जाण्याजोगें यांत कांहीं नाहीं. पण खैरात करावी असेंहि नाहीं. एका दाढेसाठीं दोन्ही जबड्यांचा स्कॅन कशाला, असें विनयानें विचारण्याचा हक्क रुग्णास आहे. जेवढा भाग हवा तेवढाच घेतला कीं किरण कमी लागतात. आपल्या देशांत क्ष-किरणांच्या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. हें मंडळ १९८३ सालीं स्थापन झालें असून त्याचें मुख्य कार्यालय मुंबईस अणुशक्तिनगरांत आहे. यंत्राला या मंडळाची परवानगी आहे काय, हें विचारण्यांत अपमान कोणाचाच नाहीं.

माझा स्वतःचा अनुभव थोडक्यांत सांगतों. खालची एक दाढ गेल्यावर मलाहि इम्प्लांटची हौस आली होती. ओ.पी.जी. पाहून सारें ठीक वाटत होतें. पण स्कॅनच्या चकतींत हाड वरच्या बाजूस धारेसारखें पातळ, आणि बोगदा अपेक्षेपेक्षां वर असा निघाला. हाडाची भर घालून, वर्षभर थांबून, प्रयत्न करतां आला असता. पण माझें वय आणि खिसा पाहून दंतवैद्यांनींच ब्रिज सुचविला, आणि मीं तो मानला. स्कॅनचे पैसे वायां गेले, असें एका स्नेह्यानें म्हटलें. मी म्हणतों, तेच पैसे सर्वांत सार्थकीं लागले.

आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ मंडळी अशा कामासाठीं नागपूर गांठतात. रेल्वेनें तें सुमारें १३० किलोमीटर. तेथें १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालयहि आहे. खेप फुकट जाऊं नये म्हणून कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. कोणत्या दांताच्या जागेचा, कशासाठीं स्कॅन हवा, हें दंतवैद्याकडून चिठ्ठींत लिहून घ्यावें. जुने एक्स-रे बरोबर न्यावेत. पुष्कळदां त्यांवरच काम भागतें. निघणारी कवळी, कानांतलें, नाकांतली चमकी, गळ्यांतलें काढून ठेवावें. यंत्र फिरत असतां गिळूं नये, हलूं नये. घरांतील सून-लेक गरोदर असेल तर आधींच सांगावें. आणि परत येतांना नुसता कागदावरचा छाप न आणतां संपूर्ण स्कॅन सी.डी.वर किंवा पेनड्राइव्हवर, तज्ज्ञाच्या लेखी अहवालासह, मागून घ्यावा. उद्यां दुसर्‍या दंतवैद्याचें मत घ्यावेंसें वाटलें, तर पुन्हां किरण घेण्याची पाळी येत नाहीं.

मग दंतवैद्यासमोर बसून एवढेंच म्हणावें: "डॉक्टरसाहेब, माझ्या हाडाची उंची किती, जाडी किती, आणि बोगदा किंवा सायनस किती दूर आहे, तें मला या चकतींत दाखवा." चांगल्या दंतवैद्याला हा प्रश्न आवडतो, तो पडद्यावर बोट ठेवून तीन आंकडे सांगतो. ते आंकडे आपण वहींत टिपून ठेवावेत, आणि मगच होकार द्यावा.